भातातलं पायताण

आषाढ लागला की मला मळमळायला लागतं. पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, काचा बंद करून बसले तरी मळमळतं. पावसाळ्याचं कौतुक करणाऱ्या माणसांचा मला लहानपणापासून तिटकारा आहे. हातात चहाचा कप धरून ढगांकडे बघणाऱ्यांनी एकदा आमच्या महाडला यावं, सावित्रीचं पाणी ओसरल्यावर घर धुवायला. आमचं घर चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत, जरा सखलात. पूर आला की पाणी ओटा चढून आत यायचं आणि जाताना आपला गाळ ठेवून जायचं. त्या गाळात शेण असायचं, गटार असायचं, कुणाच्या तरी दुकानातलं भिजून आंबलेलं पीठ असायचं आणि कपाटाखाली हमखास एखादी फुगलेली घूस सापडायची. आई खराट्यानं तो गाळ बाहेर लोटायची आणि मी ओट्याच्या कोपऱ्यात उभी राहून ओकायचे. "नाटकं झाली असतील तर बादली भर," एवढंच ती म्हणायची.

तर अशी मी. चिखल, लाळ, शेंबूड, पू, अळ्या, ह्यांतलं काहीही दिसलं की घशाशी येणारी. आणि शिकले काय, तर जीवशास्त्र. मार्क त्यात बरे पडले म्हणून घेतलं, दुसरं कारण नाही. पहिला बेडूक फाडायचा होता त्या दिवशी मी प्रयोगशाळेतून उठून बाहेरच्या नळावर गेले ते परत आत आलेच नाही. पुढे कुणीतरी सांगितलं की हे शास्त्र आता संगणकावरही करता येतं, कशालाही हात न लावता. मला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. संगणकातल्या उंदराला वास नसतो. तो मेला तर कपाटाखाली फुगत नाही, पडद्यावरचा एक ठिपका नुसता विझतो.

मी करते काय, हे महाडमधल्या नातेवाइकांना मी कधी धड सांगू शकले नाही. सोपं करून सांगायचं तर आम्ही एक खोटं गाव वसवतो. त्यात खोटे उंदीर, खोटी गुरं, खोटा पाऊस, खोटी माणसं. प्रत्येकाला नियम घालून द्यायचे. उंदीर इतके वाढतील, पाणी इतके दिवस साचेल, माणूस इतका वेळ पाण्यात उभा राहील. मग पावसाळ्यामागून पावसाळे पळवायचे आणि बघायचं, ताप कुठे पसरतो, किती पसरतो आणि कुठला नियम बदलला तर थांबतो. आमचा ताप म्हणजे लेप्टो. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून जंतू पाण्यात येतो, चिखलात टिकतो आणि पायाच्या भेगेतून माणसात शिरतो. आम्ही कागदावर ह्याचे चार चौकोन काढतो. उंदीर, गुरं, चिखल, पाय. चौकोनांच्या मधे बाण. सगळी घाण त्या बाणांत गेलेली असते, आणि बाण पांढऱ्या कागदावर फार सुबक दिसतात.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथे माझी मामी राहते. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा संजू मुंबईला गाडीवर ड्रायव्हर. मामीकडे दोन बैल, एक गाय आणि उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी केलेली भाताची खाचरं. लहानपणी लावणीच्या दिवसांत आई मला तिथे नेऊन सोडायची, महाडला पुराचा धोका म्हणून. म्हणजे गाळातून काढून चिखलात टाकायची.

तिथे एक रीत होती. लावणी चालू असताना बांधावरून कुणी पाहुणा चालत आला की बायका हातातली रोपांची मूठ खाली टाकून धावत यायच्या आणि त्याच्या तोंडाला चिखल फासायच्या. मग त्यानं काहीतरी खाऊ द्यायचा, नाहीतर स्वतः खाचरात उतरून एक ओळ लावायची. मोठी मौजेची गोष्ट समजायचे. मी असेन सात-आठ वर्षांची. मामीनंच मला धरलं आणि दोन्ही गालांना चिखल माखला. गार, बुळबुळीत, शेणाचा वास मारणारा. मी तिथेच बांधावर भडाभडा ओकले. बायका पोट धरधरून हसल्या. मामीनं माझं तोंड आपल्या पदरानं पुसलं आणि तो पदरही चिखलानं भरलेलाच होता. "शहराचं पोर हाय गो," ती सगळ्यांना सांगत होती, जशी काही मी तिची एखादी गंमतच. मला तिचा इतका राग आला होता की रात्री तिच्या हातचं जेवले नाही.

पण तिचे पाय मला आठवतात. संध्याकाळी चुलीजवळ बसून ती पाय शेकायची. बोटांच्या बेचक्यांत पांढऱ्या पडलेल्या चिखल्या, टाचेला बोट जाईल एवढ्या भेगा, त्या भेगांत काळी रेघ. कितीही धुतली तरी ती रेघ जात नसे. खोबरेलात मेण वितळवून ती भेगेत ओतायची, चटका बसला की डोळे मिटून दातांतून श्वास घ्यायची. मी तोंड फिरवून बसायचे. माणसाच्या अंगाला असं काही होऊ शकतं हेच मला किळसवाणं वाटे. पुढे त्याच भेगांचा मी एक बाण केला.

आमच्या मॉडेलमध्ये ह्या वरच्या वाड्या घ्यायचं ठरलं तेव्हा वाटलं, चला, मामीकडे जाणं होईल. ही दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. संगणकानं असं सांगितलं होतं की उंदीर मारून फारसं काही होणार नाही, गुरं तर घराघरांत आहेतच, पण पाय आणि चिखल ह्यांच्यामधला बाण तोडला तर ताप झपाट्यानं खाली येईल. बाण तोडायचा म्हणजे गमबूट. एका देणगीदार संस्थेनं गमबूट दिले. काळे, गुडघ्यापर्यंतचे, नव्या रबराचा डोकं उठवणारा वास येणारे. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे वाटपाचा कार्यक्रम झाला. बायका ओळीत उभ्या केल्या, साड्या थोड्या वर घेऊन बूट घातले, फोटो काढले. मामी मधोमध होती. तिला फोटोची भारी हौस.

फोटो झाले, पाहुणे गाडीत बसले, आणि बायकांनी बूट काढले. काढून काखेत मारले आणि अनवाणी उताराला लागल्या. मी मामीच्या मागून गेले. खाचराच्या बांधावर तिनं बूट नीट जोडीनं ठेवले, वाकून बोटानं चिखल घेतला, कपाळाला लावला आणि आत उतरली.

"मामी, बूट घाल ना," मी बांधावरूनच ओरडले. मी आत उतरणार नव्हते.

तिनं मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी घाणेरडं बोलले होते. "भातात पायताण?" ती म्हणाली. "शी. येड लागलं का काय तुला. देव्हाऱ्यावर पाय ठिवशील का चपला घालून?"

तिच्या तोंडावर शिसारी होती. खरीखुरी. नाक आक्रसलं होतं, ओठाचा कोपरा खाली गेला होता. पुराचा गाळ बघताना माझं तोंड होतं तस्संच. चिखलाची मला वाटणारी किळस आणि चिखलात पायताण घालण्याची तिला वाटणारी किळस, दोन्ही एकाच बांधावर समोरासमोर उभ्या होत्या आणि दोघींनाही एकमेकींचं काडीचं कळत नव्हतं. बाजूच्या खाचरातल्या बायका फिदीफिदी हसत होत्या. एकीनं रबर चिखलात कसं रुततं, पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो, ह्याची नक्कल करून दाखवली. हेही खरंच होतं. पण मामीचं कारण ते नव्हतं.

आठ दिवसांनी आमच्या प्रकल्पातली मुलं घरोघर प्रश्न विचारत फिरली. गमबूट वापरता का? सगळ्यांनी हो सांगितलं. कुणी खोटं बोललं नाही. वापरतच होते. पोलादपूरला बाजाराला जाताना वापरत होते, पावसात लग्नाला जाताना वापरत होते, संजू तर ते घालून, फोनवर गाणं लावून, गोठ्यासमोर व्हिडिओ काढत होता. तो लावणीपुरता रजेवर आला होता. शेजारच्या घरात एका बुटात कोंबडी अंडी उबवत बसली होती. बूट गोठ्यात वापरले, रस्त्यावर वापरले, फक्त भातात वापरले नाहीत. आणि आम्ही नेमकं तेवढंच विचारलं नव्हतं. पुण्यात 'वापर' ह्या रकान्यात भरभरून आकडे गेले आणि संगणकातले सगळे खोटे पाय एकदम कोरडे झाले.

मी आमच्या प्रमुखांना सांगितलं, की सर, शेतात कुणी घालत नाही. ते सभ्य गृहस्थ आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "पहिल्या वर्षी असं होतंच. सवय लागेल. आपण थोडी सूट धरू." सूट धरली. पडद्यावरची तापाची रेघ किंचित वर सरकली आणि पुन्हा सुंदर खाली आली.

मी पुण्याला परतले आणि आठवड्याभरात संजूचा फोन. "नंदाताई, मम्मीला फीव्हर हाय. गोळी दिली पण उतरत नाय. पोटऱ्या लय दुखतात बोलते."

ताप आणि पोटऱ्या, ही लेप्टोची खूण. मी म्हटलं, तिला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने. मामीनं फोन हिसकावून घेतला. "कायतरीच तुझं. लावणीत पोटऱ्या कुणाच्या दुखत नाय गो? दिसभर वाकलेली हाय मी. दोन खाचरं ऱ्हायलीत, ती झाली की जाते." ह्या आजाराचा हाच कावा आहे. त्याची लक्षणं आणि लावणीची लक्षणं एकच. अंग मोडून येणं, पोटऱ्या भरणं, डोळे लाल होणं. वाडीतली प्रत्येक बाई त्या दिवसांत तशीच दिसते. मामीनं ती दोन खाचरं लावली. तिसऱ्याच दिवशी तिची लघवी बंद झाली.

महाडच्या दवाखान्यातून तिला मुंबईला हलवलं तेव्हा गाडीत तिच्यासोबत मी होते. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. गाडी वळणावळणानं जात होती, खिडक्या बंद, औषधांचा वास, तिच्या अंगाचा वास. मामी एका पिशवीत ओकत होती आणि मी दुसऱ्या. मधेच तिनं मला विचारलं, "तुला काय झालं?" मी काय सांगणार होते? मला किळस आली, असं मरणाच्या दारातल्या बाईला सांगणार होते? म्हटलं, गाडी लागली.

मामी वाचली. मुंबईत काही दिवस तिचं रक्त मशीननं साफ करावं लागलं, पण वाचली. मूत्रपिंडं मात्र पहिल्यासारखी झाली नाहीत. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, पुन्हा चिखलात पाय घालायचा नाही, अंगणातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. संजूनं तर विषयच मिटवला. "बस झालं मम्मी. टेन्शन नाय पायजे. राशनला मिळतो ना तांदूळ?" त्यानं बैल विकून टाकले. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि दोन महिने आधी केलं असतं.

पण त्या वाडीत लावणी कुणाची एकट्याची कधी नव्हतीच. सावड होती. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. कुणाचे हात, कुणाचा नांगर, कुणाचे बैल. मामीचे बैल आजूबाजूच्या तीन-चार घरांची चिखलणी करून द्यायचे आणि त्या घरांतल्या बायका मामीच्या खाचरात वाकायच्या. बैल गेले, मामी घरी बसली, तशी ती घरं लटकली. यांत्रिक नांगर त्या अरुंद पायऱ्यांवर चढत नाही. एका घरानं सोडलं म्हणून दुसऱ्याला माणूस मिळेना, दुसऱ्यानं सोडलं म्हणून तिसऱ्याला. मुंबईतल्या पोरांनी संजूचंच बघून आपापल्या आयांना दटावलं. पुढच्या पावसाळ्यात डोंगराची ती अख्खी बाजू पड राहिली. आमच्या चार चौकोनांत सावडीला चौकोन नव्हता. तो काढायला हवा हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, माझ्यासुद्धा, आणि मी तर त्या बांधावर ओकलेली बाई.

ह्या जूनमध्ये आमची बैठक झाली. पडद्यावर दोन रेघा. एक संगणकानं आधीच काढून ठेवलेली आणि दुसरी वरच्या वाड्यांमधून प्रत्यक्षात आलेल्या तापाची. दोन्ही इतक्या एकमेकींवर बसल्या होत्या की जणू एकच रेघ दोनदा गिरवली. शेजारी तो फोटो. डांबरी रस्त्यावर ओळीत उभ्या बायका, पायांत काळे बूट, मधोमध हसणारी मामी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परदेशातून कुणीतरी पडद्यावरूनच अभिनंदन केलं.

मी म्हटलं, "सर, वर शेतीच होत नाही आता. ताप बुटांनी गेलेला नाही. भात गेलं म्हणून गेला."

त्यांनी क्षणभर विचार केला. खरंच केला, उडवून लावलं नाही. मग म्हणाले, "म्हणजे चिखलाशी संपर्क तुटला. आपण हेच तर म्हणत होतो. कशानं तुटला हा तपशील आहे. शोधनिबंधात चर्चेच्या भागात एक ओळ टाकू."

एक ओळ. मला तिथेच भरून आलं, पण ते रडू नव्हतं, मळमळ होती. मी उठून बाहेर गेले. स्वच्छतागृहात पांढऱ्या फरश्या, फुलांच्या वासाचं काहीतरी मारलेलं, कुठे डाग नाही, कुठे केस नाही. मी बेसिनवर वाकले आणि काही केल्या काही बाहेर येईना. आयुष्यभर घाणीनं मळमळलं, ती घाण बाहेर टाकता तरी येत होती. ह्या स्वच्छ रेघेची मळमळ कुठे टाकायची ते मला कळेना. एकीवर एक नेमकी बसलेली, चुकीच्या कारणानं बरोबर आलेली रेघ. हल्ली कुणी माझ्या कामाची स्तुती केली की तोंडात आंबट पाणी येतं.

परवा मी वर गेले. महाडला औद्योगिक वसाहतीच्या पाळीच्या बसेस सुटत होत्या, त्यांच्या गर्दीतून वाट काढत पोलादपूरची गाडी पकडली. पुढे चालत. पाऊस होता. पूर्वी ह्या दिवसांत उतारावरून बायकांच्या हाका यायच्या, बैलांना घातलेले हाकारे ऐकू यायचे. आता नुसतं पाणी वाजत होतं. खाचरांत टाकळा आणि गवत कंबरेएवढं. बांध जागोजागी ढासळलेले, खेकड्यांनी पोखरलेले. मी बांधावरून चालत गेले आणि कुणीही माझ्या तोंडाला चिखल फासायला धावत आलं नाही.

मामी पडवीत बसली होती. पायांत तेच गमबूट. अंगणात जायचं तरी घालायचे म्हणून ती ते दिवसभर काढतच नाही. आवाज बारीक झालाय, पण तोंड तसंच चालू. माझा चहा होईपर्यंत तिनं वाडीतल्या सगळ्यांची उणीदुणी काढली. मग समोरच्या खाचराकडे बघत राहिली. ते सगळ्यात वरचं, घराला लागून असलेलं, ओटीएवढं छोटं खाचर.

"नंदे," ती म्हणाली, "तुझ्या त्या मशिनीत बघ ना गो. ह्या एवढ्याशा तुकड्यात मी एकदाच उतरले, एक सकाळ, तर काय व्हईल?"

"मामी, ते मशीन एकेका माणसाचं सांगत नाही. सगळ्या गावाचं मिळून सांगतं."

"गाव कुठं हाय आता? मीच हाय. माझंच इचार."

मी तिला सांगितलं की डॉक्टर नाही म्हणालेत, म्हणजे नाही. पुन्हा ताप आला तर मूत्रपिंडं टिकणार नाहीत. हे सांगायला कसलंही मॉडेल लागत नव्हतं. तिनं ऐकून घेतलं. वाद घातला नाही, आणि मामीनं वाद घातला नाही हेच मला सोसवेना. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की हिनं उठावं, अंगणातला मूठभर चिखल घ्यावा आणि माझ्या तोंडाला थापावा.

त्याऐवजी तिनं वाकून बूट काढले. एक, मग दुसरा. आतून रबराचा कोंदट वास आला. तिनं पाय माझ्यासमोर लांब केले.

"बघ. तुझ्यावानी झालेत."

पांढरे फटक, मऊ, दमटपणानं सुरकुतलेले पाय. चिखल्या नाहीत. टाचेच्या भेगा बुजलेल्या, ती काळी रेघ कुठेच नाही. वाटपाच्या दिवशी आम्ही ज्या पायांचं स्वप्न बघितलं होतं ते हे पाय. मी त्यांना हात लावला आणि माझ्या घशाशी आलं. तोंड फिरवायला वेळच मिळाला नाही.

मामीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. ती रागावली नाही.

"मला पण त्यांची तशीच किळस येते गो," ती म्हणाली, आणि पाय परत बुटांत सारले.